मामा, आपण बोलावे

आज माझ्या नावापुढे पदवी लागते ती दत्तूमामांमुळे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, आणि "पोराला शिकू द्या, ऊस काय पळून जातोय का?" असं वडिलांना सुनावणारे तेच. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला, "दादा, अण्णा गेले..." तेव्हा कानात आधी घुमलं ते त्यांचं नेहमीचं वाक्य, "तसं नव्हतं ते, मी सांगतो."

या वाक्यानं कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मला अगदी जेरीस आणलं होतं. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावात पूर्वी साखर कारखान्याच्या भोंग्यावर दिवस चालायचा. पुढे तो भोंगा बंद पडला. त्यावर मला माहितीपट करायचा होता. सरांची अट होती, आधी माणसांना बोलतं करा, ते रेकॉर्डिंग ऐकवा, मगच कॅमेरा मिळेल. कॅमेरा नाही तर माहितीपट नाही, आणि माहितीपट नाही तर पदवी नाही. मामा टेम्पो चालवायचे. घरोघरी मला त्यांनीच नेलं, आणि घरोघरी बोलले तेही तेच! भोंगा झाला की काय करायचात, असं मी शेजारच्या गंगूआजींना विचारावं, आणि मामांनी सांगावं, "भाकरी थापायच्या. दुसरं काय?" मोबाईलमध्ये सगळीकडे मामाच. मी हात जोडले, चिडलो, एकदा तर टेम्पोतून उतरून तरातरा चालत निघालो. ते शेजारून हळूहळू टेम्पो हाकत म्हणाले, "तोंडी सांगितलेलं माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई. कागदावर दे." दिलं! कॉलेजातल्या आमच्या विभागाचा शिक्का मारून पोस्टानं पाठवलं, 'आपण एक शब्दही बोलू नये.'

मामा खरोखरच तोंडावर उपरणं धरून गंगूआजींच्या ओट्यावर बसले. मी प्रश्न विचारला. गंगूआजी मामांकडेच बघत राहिल्या.

"दत्त्याला काय झालं? दात काढलं का?"

मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, आजी पदराशी चाळा करत बसल्या... शेवटी उपरण्याआडून पुटपुटणं आलं, "भाकरी थापायच्या."

"खोटारडा मेला!" आजी उसळल्या. "भाकरी कुठली? उसात खुरपत असायची मी. लेक बांधावर रडायची. भोंगा झाल्याबिगर पाजायला सोडत नव्हते. छाती भरून यायची, पर भोंगा हुईस्तोवर..."

मग कितीतरी वेळ त्या बोलतच राहिल्या. मामा मात्र ओशाळून टेम्पोत जाऊन बसले. "पत्र मोडलं रे मी," म्हणाले, आणि दुसऱ्या घरी यायला काही केल्या तयार होईनात. समजूत घालून थकलो. पुन्हा कागदच लागणार होता.

ते दुसरं पत्र मामांनी लॅमिनेट करून टेम्पोच्या काचेला आतून चिकटवलं. "कॉलेजनं बोलावलंय मला," असं गावभर सांगायचे. टेम्पो आता दारात उभा आहे, मामी ते पत्र कोणाला काढू देत नाहीत.

'ती. दत्तूमामा यांस,
सा. न.
मागील पत्र रद्द समजावे. गंगूआजींचे रेकॉर्डिंग सरांना फार आवडले. बाकीची घरे अजून व्हायची आहेत. तरी आपण सोबत येऊन पूर्वीप्रमाणेच, न थांबता, चुकीचे बोलावे, ही नम्र विनंती.
आपला भाचा'