मारुतीपुढचं डावं वळण

पिरंगुटाच्या पुढे, भऱ्याच्या वाटेवरच्या एका वस्तीत मला मास्तरकी मिळाली, ती हंगामी. तपासणीला साहेब येणार, शेरा चांगला पडला तर कायम, नाहीतर परत पुण्याला मामांकडे. मामांनी माझ्यासाठी एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलगा चांगला होता म्हणे. मला बोलायला काही सुचू नये इतका चांगला. एकदा घरी पाहायला आला तेव्हा तासभर आपल्या सायकलच्या दिव्याविषयी बोलला. नोकरी टिकवण्यासाठी मला एवढं कारण पुरेसं होतं.

शाळा भरत होती मारुतीच्या देवळात. म्हणजे जागेचे मालक मारुतीराय, आणि आम्ही त्यांचे बिनभाड्याचे भाडेकरू. पहिल्याच आठवड्यात मी मुलांना पटांगणात उभं करून कवायत घेतली. ‘उजवीकडे वळ’ झालं. ‘मागे वळ’ही झालं. ‘डावीकडे वळ’ म्हटलं आणि सगळी पोरं खांबासारखी उभी.

मी पुन्हा ओरडले. कुणी हललं नाही. माझा आवाज तेव्हा बारीक होता आणि राग मोठा. शेवटी चौथीतली एक दोन वेण्यांची मुलगी पुढे आली.

“बाई, देवाम्होरं डावं वळायचं न्हाई.”

“का?”

“आरती झाल्याव आपुन सोताभवती फिरतो का न्हाई? मंग उजवीकडनंच फिरतो की. उलटं फिरलं तर देव कोपतो.”

आता आली का पंचाईत! ‘डावीकडे वळ’शिवाय कवायत नाही, आणि मारुतीशी भांडून त्याच्याच देवळात शाळा चालत नाही. मी पायरीवर बसले. आणि बसल्या बसल्या मला एकदम कॉलेजचा फळा आठवला.

एम. एस्सी.चं पहिलं वर्ष मी अर्धवट सोडलं होतं. वडील गेले आणि गणित घरातल्या कुणालाच परवडेना. पण सोडण्याआधी गट नावाची चीज शिकले होते. समजा, चारच गोष्टी घ्यायच्या, कुठल्याही दोन एकापुढे एक केल्या तर त्या चारांतलीच एक निघाली पाहिजे, आणि हे सगळं एका चौकोनी तक्त्यात मांडायचं. आमच्या सरांना हा तक्ता फार प्रिय. मलाही. प्रत्येक ओळीत प्रत्येकजण एकदाच येतो. पंगतीत कुणी दोनदा बसत नाही, कुणी उपाशी राहत नाही.

मी पोरांना म्हटलं, “डावं वळू नका. उजवीकडेच वळा, पण तीनदा.”

पोरं वळली. तोंडं बरोबर डावीकडे आली. मारुती खूश, बाई खूश. दोन वेण्यांची मुलगी तर इतकी खूश झाली की दुपारभर पटांगणात गरगरत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तक्ता काढला. जागेवर, उजवं, मागं, डावं. आडवे चार, उभे चार. मुलांना पाठांतराची सवय, त्यांनी त्याला लगेच पाढ्याची चाल लावली. रोज सकाळी बे एके बे झालं की देऊळ घुमायचं: “उजवं नि उजवं मागं! उजवं नि मागं डावं! मागं नि मागं जागंवर!” पाणी भरायला आलेल्या बायका थांबून ऐकायच्या. एकीनं मला विचारलंही, “ह्ये कंच्या देवाचं हाय, बाई?”

मग साहेब आले. टोपी, छत्री आणि कपाळावर आठी. वाचन झालं, हिशेब झाले, आठी तशीच. “आता कवायत,” म्हणाले, आणि हुकूम त्यांनी स्वतःच सोडला.

“डावीकडे वळ!”

पन्नासेक पोरं गरकन उजवीकडे फिरली, पुन्हा फिरली, पुन्हा फिरली. धुळीचा लोट उठला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि हुकूम पुन्हा सोडला. पोरांनी तेच पुन्हा केलं, जरा जास्तच उत्साहानं.

“बाई, ही कवायत आहे की फुगडी?”

माझ्या डोळ्यांपुढे सायकलचा दिवा लागला. तेवढ्यात दोन वेण्या पुढे.

“सायेब, तीनदा उजवं वळलं की डावं व्हतंया. फळ्याव हाय की.”

साहेब फळ्याकडे वळले. “हा कसला पाढा?”

पाढा हा शब्द कानावर पडायचा अवकाश, सगळा वर्ग सुरू झाला. साहेबांनी हात वर केला तरी थांबेना. सोळाच्या सोळा घरं म्हणून झाल्यावरच गप्प झाला.

साहेबांनी फळ्यावरच्या एका ओळीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि पटांगणात जाऊन, मारुती डाव्या हाताला ठेवून, उभे राहिले. एकदा उजवीकडे वळले. दुसऱ्यांदा वळले. तिसऱ्यांदा वळले तेव्हा मारुतीच्या पुढ्यात होते. सवयीनं हात जोडले गेले.

“बगा, आलं का न्हाई देवाकडं तोंड!” दोन वेण्या ओरडल्या.

साहेब हसले. मला रडू आलं, ते मी छत्रीआड उरकलं.

“सरळ डावीकडे वळायला का नाही शिकवत, बाई?” जाताना त्यांनी विचारलं.

“इथे नाही जमत, साहेब. जागा मारुतीची आहे.”

त्यांनी शेरा लिहिला: ‘कवायत विलंबाने होते, परंतु अचूक.’ दिवाळीनंतर मी कायम झाले.

लग्नाचं काय ठरलं, असं विचारणारं मामांचं पत्र दर महिन्याला येई, आणि मी दर वेळी वळसे घेत असे. परीक्षा आहे, अंगात कसर आहे, पावसानं वाट बंद आहे. कायम झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी माझ्या खोलीत पोस्टकार्ड घेऊन बसले. समोर मारुती नव्हता. पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘मला हे लग्न करायचं नाही’, आणि सकाळी शाळेत जाण्याआधी कार्ड पेटीत टाकलं.