लिंबाखालच्या दोन जागा

आई खोटं बोलायला लागली तेव्हा तिला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. त्याआधी ती कधी खोटं बोललीच नसेल असं नाही, पण मला पकडता येईल इतकं कच्चं कधी बोलली नव्हती. एका मंगळवारी ती म्हणाली, "दाताच्या डॉक्टरकडं जाऊन येते, कवळी टोचतीय." रिक्षा वळली, मी मोरीत गेले, तर कवळी वाटीत पाण्यात पडलेली.

पुढच्या मंगळवारी पुन्हा कवळी टोचली. या वेळी ती घालून गेली, म्हणजे आधीची चूक तिच्या लक्षात आली होती. मी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. "अम्माकू चर्चपे छोड्या ना," तो म्हणाला. मंगळवारी चर्चमध्ये ना उपासना असते ना बायकांची सभा. फक्त ऑफिस उघडं असतं आणि पाळक, म्हणजे आमचे पाद्री, भेटतात. आईचं तिथं काय काम असणार? माझ्याबद्दलचंच असणार, हे मी जिना चढेपर्यंत ठरवून टाकलं.

माझा स्वभावच तसा आहे. भाजीवाल्याने हसून कोथिंबीर दिली तरी मी जुडी उलटी करून बघते. आणि इथे तर संशयाला कारणही होतं. बाबा गेल्यानंतर मी चर्चला जाणं सोडलं, त्याला तीन वर्षं झाली. भांडण कुणाशीच झालं नाही. एका रविवारी सगळे उभे राहून 'मी विश्वास ठेवतो' म्हणायला लागले आणि माझं तोंडच उघडेना. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. मुलांना न पटलेलं लिहू नका म्हणून सांगते, म्हणून मीही त्या दिवसापासून गप्प राहिले.

मग मोबाइलवर मला ड्रुइड सापडले. इंग्लंडकडच्या बेटांवर फार पूर्वी झाडांना पवित्र मानणारे लोक होते, आणि आजही काही जण त्यांच्या वाटेने जायचा प्रयत्न करतात. त्यांचा एक धडा मला दर महिन्याला ईमेलने येतो. त्यांचं झाड ओक. सोलापुरात ओक कुठला, म्हणून मी अंगणातला कडुलिंब धरला. मे महिन्यात त्यांचा एक सण असतो, त्यात शेकोटी पेटवायची असते. पारा चव्वेचाळीसवर असताना मी तो सण ओल्या टॉवेलने साजरा केला. झाडाला एक तांब्या पाणी घालायचं, खोडावर हात ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं, एवढंच मला जमतं. त्यातही गंमत अशी, की डोळे मिटले की तोंडात येतं ते लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेलं स्तोत्रच.

हे आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती भिंतीला टेकली. आमच्या घराण्यात एक गोष्ट प्रत्येक लग्नात सांगितली जाते. पणजोबा मेंढरं राखायचे. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यांनी लिंबाखालचा शेंदूर फासलेला दगड उचलून विहिरीत टाकला आणि मागे वळून बघितलं नाही.

"कुकू लावलंस का त्याला?" आईने विचारलं.

"नाही."

"दोरा?"

"नाही."

"मग करतीस काय?"

मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे हे गोऱ्यांचं हाय?"

मी हो म्हटल्यावर तिचा चेहरा जरा सैल पडला, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पण प्रश्न चुकीचा नव्हता. एका गोऱ्या मिशनऱ्याने पणजोबांना झाडापासून सोडवलं, दुसऱ्या गोऱ्याने मला परत झाडापाशी आणून उभं केलं, आणि दोन्ही वेळा आम्ही मान डोलावली. हा संशय मला लिंबाखालीही सुटत नाही.

त्या दिवसानंतर आई त्या विषयावर काही बोलली नाही. फक्त दर रविवारी चर्चमध्ये ती बाकावर स्वतःशेजारी रुमाल टाकून माझी जागा धरते, हे मला एका मैत्रिणीकडून कळलं. मला ते प्रेम वाटलं नाही. भरल्या मंडळीसमोर माझी गैरहजेरी मांडून ठेवल्यासारखं वाटलं. त्यात आता हे मंगळवार. चार मंगळवार झाले.

चौथ्या मंगळवारनंतरच्या शनिवारी संध्याकाळी पाळक घरी आले, बरोबर चर्चच्या कमिटीतले एक वयस्क पंच. आईने पोहे करून ठेवले होते, म्हणजे तिला आधीच माहीत होतं. पाळकांनी प्रार्थना सुरू केली. वाट चुकलेल्या लेकरांपर्यंत ते पोचले तेव्हा मी डोळे उघडले. पंचांचेही डोळे उघडे होते, आणि ते खिडकीतून माझ्या लिंबाकडे बघत होते.

आमेन झाल्याबरोबर ते अंगणात गेले. खोडाभोवती फिरले, चपलेने माती उकरली, कंपाउंडच्या भिंतीवरची भेग बोटाने चाचपली. "लई खोल गेलीत मुळं," त्यांनी आतल्या पाळकांना ऐकू जाईल असं म्हटलं. मी त्यांच्यामागे अंगणात धावले. हे लोक झाड तोडायला आले आहेत आणि आईने त्यांना बोलावलंय, याबद्दल मला आता शंकाच उरली नाही.

"झाडाला हात लावाल तर पोलिसात जाईन," मी म्हणाले.

पंचांनी हात मागे घेतला. पाळकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. दोघं सलाम करून निघून गेले आणि आईने बश्या उचलल्या, माझ्याकडे न बघता. मोरीतूनच ती म्हणाली, "उद्या सकाळी उपासनेच्या आदी माझ्यासंगं चल. चर्चला न्हाय."

ती मला कब्रस्तानात घेऊन गेली. बाबांची कबर मधल्या रांगेत आहे, उघड्यावर. शेजारची जागा आईसाठी राखलेली, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ती बाबांपाशी क्षणभर थांबली आणि पुढे थेट कडेच्या भिंतीपर्यंत चालत गेली. तिथे एक जुना लिंब आहे.

"हितं दोन जागा मागितल्यात," ती म्हणाली. "एक माझी, एक तुझी. कमिटी म्हणली, लिंबाखाली खणलं की मुळं लागत्यात, भित पडंल. म्हणून ते आपल्या लिंबाची मुळं भितीला काय करत्यात ते बघाया आलते. मीच बोलावलं."

माझे कान तापले. पण सवय जात नाही. "मी चर्चच्या मंडळीत नाही, मग मला जागा कशी मिळेल?"

"मंडळीच्या यादीतनं तुझं नाव काडू दिलं न्हाय मी. चार मंगळवार त्याच्यापायीच गेले की. वर्सातनं एकदा, नाताळाला, चर्चात प्रभुभोजनाला बसायचं, एवढंच म्हणलेत."

हा तो गळ, असं मला वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. "म्हणजे शेवटी चर्चलाच न्यायचं. हे आधी नाही सांगितलंस."

"आदी सांगितलं असतं तर आली असतीस हितवर?"

मी मधल्या रांगेकडे बघितलं. "आणि बाबांच्या शेजारची जागा?" मी विचारलं.

"सोडली."

"का?"

"तितं दिवसभर ऊन असतं. त्यांना चालायचं. तुझा देव कुटला का असंना, ऊन लागलं की तुझं डोकं उठतं, हे मला म्हाईत हाय. नाताळाला यायचं का न्हाय ते तू बघ. माझ्याजवळ पडायचं का न्हाय, तेवढं सांग."

मला रडू आलं, आणि रडतानाही मी तिच्या चेहऱ्यात काही डाव दिसतो का ते बघत होते. तो दिसला नाही. नव्हता की मला ओळखता आला नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मी हो म्हणाले. नाताळाबद्दल काही बोलले नाही.

आईने पर्समधून रुमाल काढला, बाकावर टाकते तसा माझ्या जागेवर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून शोधून एक गोटा त्याच्यावर ठेवला. पणजोबांनी तो दगड विहिरीत टाकल्यानंतर आमच्या घराण्यातल्या कुणी लिंबाखाली ठेवलेला हा पहिला दगड. मी तिला तसं सांगितलं नाही.