आरवणारी कोंबडी

लग्नानंतर वर्षभरात आम्ही वांकिडीजवळच्या एका गावी राहायला आलो. तेव्हा निजामाचं राज्य होतं. यजमान गुरांचे डॉक्टर. लोक त्यांना 'सलोत्रीसाहेब' म्हणत. दवाखान्यामागेच आमचं घर, आणि मधल्या अंगणात त्यांच्या प्रयोगाच्या कोंबड्यांचे पिंजरे.

विलायतेहून परतलेल्या एका मित्रानं त्यांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या. नराचं हार्मोन घट्ट दाबून केलेल्या. एका पिलांवाल्या कोंबडीच्या मानेची कातडी त्यांनी जराशी चिरली, गोळी आत सरकवली आणि टाका घातला.

"आता रोज सुई टोचायला नको," ते म्हणाले. "ही आतल्या आत झिजत राहील. महिनोन्महिने."

तीन आठवड्यांत तिचा तुरा वाढून लालभडक झाला. पिलं पंखाखाली शिरायला आली की ती त्यांना टोचायची. शेवटी मी पिलं वेगळ्या टोपलीखाली झाकली. मला तेव्हा पाचवा महिना होता.

मग एका सकाळी ती आरवली. घोगरा, मध्येच तुटणारा आवाज. आरवून झाल्यावर मान वळवून मागे बघू लागली, जणू दुसरंच कुणी ओरडलं होतं.

भांडी घासणारी बाई हातातलं पातेलं टाकून उठली. "बाई, कोंबडी आरवून राह्यली! घरात पोटुशी बाई हाय, अन् तुमी हे काऊन ठेवलं? मान मुरगाळून फेका तिची."

यजमान मात्र खूश. वहीत वेळ टिपून ठेवत होते. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अहो, ती गोळी काढा."

"तुलाही भीती वाटते?"

"वाटते."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

काढलेली गोळी निम्मीच उरली होती. बाकीची तिच्या अंगात मुरली होती. त्यामुळे पुढेही आठ-दहा दिवस ती आरवत राहिली, रोज थोड्या बारीक आवाजात. मग एका सकाळी तिनं मान ताणली, चोच उघडली. आवाज निघालाच नाही.

हळूहळू तुरा सुकला. पिलं तोवर मोठी झाली होती. आई जवळ आली की लांब पळत. माझी मुलगी सुखरूप जन्मली. कोंबडी पुन्हा अंडी घालू लागली, पण कामवाली त्यांना हात लावेना. मीच उचलायची. अंडं हातात उबदार लागायचं, आणि मी उगीचच ते कानाशी धरायची.