खंडेनवमीचा नकाशा

समुद्राशी काम करणाऱ्यांच्या गोष्टी गाळासारख्या साचतात. कोणी ढवळले नाही तर तळाशीच राहतात. महासाथीत घरी बसलो आणि आमचे डार्विन शहरातले सागरप्रवाहांचे कार्यालय आपोआप ढवळले गेले.

*

आमच्या सभागृहाला एकोणिसाव्या शतकातील एका सागरशास्त्रज्ञाचे नाव होते. खलाशांच्या नोंदी जमवून त्याने वाऱ्यांचे आणि प्रवाहांचे नकाशे काढले. गलबतांचा प्रवास त्यामुळे सुकर झाला. माझी सहकारी मृणाल त्याला गुरू मानी. खंडेनवमीला लोक हत्यारे पुजतात. ती त्याच्या नकाशाची प्रत पुजत असे.

"गोऱ्या साहेबाला कुंकू!" पुण्याचा सतीश म्हणाला.

"विद्येला रंग नसतो," ती म्हणाली.

*

लॉकडाऊनमध्ये तो नकाशा तिच्या घरच्या भिंतीवर गेला. पंख्याच्या वाऱ्याने तो हले आणि प्रवाहांच्या रेघा खरोखरच वाहू लागत. एका मीटिंगमध्ये सतीश त्याकडे एकटक पाहत राहिला.

"सतीश, मेट, यू ओके?" आमचे प्रमुख डेव्हिड यांनी विचारले.

"नो वरीज!" तो दचकला. "आत्ताच आफ्रिकेला वळसा घातला!"

*

त्याच वर्षी सभागृहाचे नाव बदलण्याची मागणी झाली आणि आम्हा कर्मचाऱ्यांचे ऑनलाइन मतदान ठरले. कारण खरे होते. स्वदेशातील यादवीत तो शास्त्रज्ञ गुलामगिरी राखणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला होता.

मृणालच्या लेकीने, रेवाने, एवढेच विचारले, "आई, डिड ही से सॉरी?"

मृणालने पुष्कळ शोधले. सॉरी सापडले नाही.

*

डेव्हिडना नाव राहावे असे मनापासून वाटे. मृणालचे कंत्राट संपत आले होते, व्हिसा त्यावरच होता, आणि सही डेव्हिडचीच लागणार होती.

"मतदानाच्या वेळी नेट गेलं म्हण!" सतीशने सुचवले.

"देवापुढे नेट जात नसते," मी सुनावले.

"काका, तुमचं पीआर झालंय, कायम राहायची परवानगी खिशात आहे!"



*

मतदान नेमके खंडेनवमीच्या सकाळी आले. पडद्यावर मृणालच्या मागे पाटावर नकाशा, शेजारी निरांजन. डेव्हिड प्रसन्न झाले. "बघा! मृणाल माझ्या बाजूची."

"माझे मत, नाव काढावे," मृणाल म्हणाली. मग वळून तिने अंगणातला चाफा नकाशावर ठेवला. सर्व किनाऱ्यांपासून दूर, भर समुद्रात.

ज्योत हलत होती.

"ते फूल त्याला?" डेव्हिडनी विचारले.

"पाण्याला."

डेव्हिड पडद्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "कॅमेरा जरा खाली कर. नीट दिसत नाही."