फाटकाबाहेरची बाई

वत्सलाअक्कांना कुणी टोचून बोललं, तर त्या भांडत नसत. मान किंचित हलवून "सरी" एवढंच म्हणत. कानडीतलं साधं 'बरं'. आणि हातातलं काम पुढे चालू. बंगळुरात मल्लेश्वरमला आमच्या गल्लीत नव्यानं आलेल्यांना वाटायचं, काय गरीब स्वभावाची बाई आहे! जुन्यांना ठाऊक होतं की आता ज्याच्या वाट्याला 'सरी' आलंय, त्यानं सांभाळून राहावं.

लोक लोणची घालतात, अक्का राग घालायच्या. नीट मीठ लावून, दादरा बांधून, मुरेपर्यंत हात न लावता. मी नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी नाशिकहून इथे आले आणि त्यांच्या शेजारी राहायला लागले, तेव्हा पहिल्याच महिन्यात मला त्याचा नमुना पाहायला मिळाला. अक्का लग्नांची रुखवतं करून द्यायच्या. बंगळुरातल्या निम्म्या मराठी लग्नांत मुलीकडून मांडलेली ती साखरेची देवळं, तुळशीवृंदावनं, खारकांचे हत्ती त्यांच्याच हातचे असत. एका वधुपित्यानं कौतुक करायचं सोडून म्हटलं, "साखरेचंच तर आहे, उद्या टाकूनच द्यायचं ना!" अक्का म्हणाल्या, "सरी." लग्नात त्याच्या मुलीच्या रुखवतात एक देखणा मोर होता. पिसारा असा की बघत राहावं. फोटो आले तेव्हा लक्षात आलं, मोराला डोळेच नव्हते. तो तणतणत आला, तर अक्का शांतपणे म्हणाल्या, "उद्या टाकायचाच हाय न्हवं? मग त्याला दिसून काय करायचंय?"

मी हसून हसून बेजार झाले. अक्का हसल्या नाहीत. "शुभा, मी कुणाच्या वाटंला जात नाही. पण माझ्या वाटंला आलेला मी रिकाम्या हातानं परत पाठवत नाही," म्हणाल्या. त्या निपाणीच्या. तिकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. इतकी वर्षं बंगळुरात काढूनही त्यांचं ते सुटलं नाही, उलट त्यात 'स्वल्प' आणि 'अय्यो'ची भर पडली.

अक्का लवकर विधवा झालेल्या, पोरबाळ नाही. धाकटी बहीण गेली तेव्हा तिची तान्ही मुलगी, मृणाल, त्यांनी उचलून आणली. बापानं हुबळीला दुसरा संसार थाटला आणि तो पोरीला विसरला. साधी पाटी म्हणून त्यानं कधी घेऊन दिली नाही. पोरीचे कांजिण्यांचे दिवस, दहावीचं रडं, पहिल्या नोकरीचे पेढे, सगळं मी त्या घरात पाहिलंय. रुखवत करताना अक्का नेहमी म्हणायच्या, "हे सगळं हात साफ करून घेणं चाललंय. खरं रुखवत माझ्या मृणालचं." तिचं लग्न बघायचं, तिच्या डोक्यावर आपल्या हातानं अक्षता टाकायच्या, याच्यापलीकडे त्या बाईनं आयुष्याकडे काही मागितलं नव्हतं.

मृणालनं तिच्या कंपनीतला आदित्य पसंत केला. मुलगा चांगला. त्याची आई सुनेत्राबाई, म्हणजे अक्कांच्या विहीणबाई, बंगळुरातच पार बेळ्ळंदूरला उंच इमारतीत राहणारी पुण्याची बाई. मला तिचा राग आहे, अजूनही आहे, आणि मी तो लपवणार नाही.

एक दिवस ती मिठाईचा खोका घेऊन आली, सोफ्याच्या अगदी कडेवर टेकली. म्हणाली, लग्न स्कॉटलंडला करायचं ठरवलंय. तिथली एक जुनी खानदानी इस्टेट चार दिवसांसाठी घेतलीय. फोन पुढे करून दाखवायला लागली. करड्या दगडांचा मनोऱ्यांचा वाडा, उंच भिंतींच्या आत गुलाबांची बाग, मागं नदी, आणि नदीपलीकडे जांभळ्या फुलांचा उघडा माळ. "ते लॉर्ड लोक या माळावर हरणांची शिकार करायचे, बरं का. हॉलमध्ये सगळीकडे शिंगं लावलीयेत. आणि आमच्या इस्टेटवर फक्त चाळीस पाहुण्यांची सोय आहे, म्हणून लिस्ट अगदीच लिमिटेड."

अक्का म्हणाल्या, "माझा पासपोर्ट काढून ठेवलाय मृणालनं."

तेव्हा ती बाई गोड हसली. "अहो अक्का, तुम्ही तर तिच्या आईसारख्याच. पण कन्यादानाला जोडपं लागतं ना! तुमचं कसं... समजून घ्या. म्हणून मृणालच्या बाबांना आणि त्यांच्या मिसेसना बोलावलंय. शिवाय तिकडची थंडी, तुमचे गुडघे! आम्ही लाइव्ह लिंक पाठवू. तुम्हाला अगदी पुढची सीट!"

ज्यानं पोरीला टाकलं तो मांडवात, आणि जिनं वाढवलं ती टीव्हीसमोर! मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्कांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सरी."

सुनेत्राबाईंना ते पुरलं नाही. उठता उठता म्हणाल्या, "इकडे आल्यावर रिसेप्शनला मात्र तुमचं रुखवत हवंच हं. स्वल्प क्लासी. आमच्या इस्टेटचंच मॉडेल करा ना!"

"करतो की. फोटो पाठवा," अक्का म्हणाल्या. "सगळीकडचे पाठवा. फाटकाचाबी."

ती गेल्यावर अक्का एवढंच बोलल्या, "चार दिवसांचं भाडं भरलं, आन म्हणे आमची इस्टेट! इस्टेट म्हणजे उताऱ्यावर नाव लागतं ती, शुभा." मृणाल संध्याकाळी आली आणि गळ्यात पडून रडली. "अक्का, त्यांनी बुकिंग करून टाकलंय गं, मी काय बोलू?" अक्कांनी तिला जेवायला वाढलं, डोक्यावरून हात फिरवला. पण 'काही हरकत नाही' असं त्या म्हणाल्या नाहीत. मी कान देऊन होते.

लग्नाच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो. अक्कांनी ठेवणीतली इरकल नेसलेली, ओंजळीत कुंकवानं रंगवलेल्या अक्षता. पडद्यावर घागरे घातल्यासारखे दिसणारे दोन बाप्ये पिशवीचं वाजंत्री फुंकत पुढे, मागून माझी मृणाल. मी हमसून रडत होते. अक्का मात्र कॅलेंडरचं फाडलेलं पान पाठकोरं घेऊन पेन्सिलीनं वाडा उतरवत होत्या. "रडू नको गं, खिडक्या मोजू दे. त्या मनोऱ्याच्या मागं अजून एक धुराडं हाय का बघ." मंगलाष्टकं लागली. आम्ही उभ्या राहिलो. त्यांचा हात वर गेला, तसाच थांबला, आणि खाली आला. अक्षता त्यांनी टीव्हीवर टाकल्या नाहीत. पदराच्या टोकाला बांधून ठेवल्या.

मग त्या रुखवताला बसल्या. जन्मात तसलं काम मी पाहिलं नाही. तिळाच्या करड्या वड्या विटांसारख्या कापून वाडा उभा केला. खिडक्यांना खडीसाखरेची भिंगं. बागेच्या भिंती चिक्कीच्या, गुलाब काटेरी हलव्याचे, हिरवळ बडीशेपेची. नदी पाकाची, ओतून काचेसारखी गोठवलेली. शिकारीच्या माळावर जांभळा हलवा पसरला आणि त्यावर खारकांची हरणं सोडली, लवंगांच्या पायांची. चाळीस पाहुणे बदामाचे. विहीणबाई तर इतक्या हुबेहूब, की गळ्यातला हारसुद्धा साबुदाण्याचा! आणि फाटकापासून वाड्याच्या दारापर्यंतच्या रस्त्यावर खडी म्हणून त्यांनी पदराची गाठ सोडून त्या अक्षता पसरल्या.

सगळं झाल्यावर अक्कांनी डबीतून एक सुपारी काढली. तिला मोहरीचे डोळे लावले, कापसाचे पांढरे केस लावले, स्वतःच्या इरकलीच्या काठाची चिंधी नऊवारीसारखी नेसवली. कपाळ कोरं ठेवलं. आणि ती सुपारी फाटकाच्या बाहेर बसवली. शेजारी काड्यापेटीची ट्रंक.

"अक्का, बाकीचे बदामाचे आणि ही सुपारीची का?" मी विचारलं.

"असू दे. म्हातारी बाई, कडकच असणार."

बेळ्ळंदूरच्या रहदारीतून ते टेम्पोनं न्यायचं म्हणजे दिव्य होतं. अक्का मागं बसल्या, दोन्ही हातांनी मनोरा धरून, आणि प्रत्येक खड्ड्याला हळू चालव म्हणून ड्रायव्हरला "अण्णा, स्वल्प निधान!" असं ओरडत. एक वीट हलली नाही.

हॉलमध्ये लोक रुखवताभोवती असे जमले की स्टेज ओस पडलं. "हा वाडा बघा! ही हरणं बघा! आदित्यची आई बघा, अगदी तश्शी!" सुनेत्राबाई फुगून टम्म. मग कुणाची तरी नजर फाटकाकडे गेली. "आणि ही बाहेर कोण हो बसलीय, ट्रंक घेऊन?" बघता बघता ज्याच्या त्याच्या तोंडी तोच प्रश्न. विहीणबाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला, पण बाई पक्की! हसून म्हणाली, "असेल तिथली राखणदार!"

अक्का शेजारीच उभ्या होत्या. आवाज जरासुद्धा चढवला नाही. म्हणाल्या, "बरोबर ओळखलात विहीणबाई. राखणदारच ती. पोर राखली तिनं. आता पोर मोठी झाली, लग्नाला आली, मग राखणदाराला फाटकाच्या आत कशाला घ्यायचं?"

मृणालचा बाप पान खायचं निमित्त करून बाहेर सटकला. मृणाल जड शालू सावरत स्टेजवरून उतरली, रुखवतासमोर उभी राहिली, त्या सुपारीकडे बघत राहिली. रस्त्यावरच्या अक्षता तिनं ओळखल्या असाव्यात. ती वाकून अक्कांच्या पाया पडली. अक्कांनी तिची पाठ थोपटली. "जा वर. फोटोवाला थांबलाय."

आणि खरा घाव तर पुढेच! सुनेत्राबाईंना ते रुखवत हॉलवरच टाकून जायचं होतं. पण त्यांच्या सासूबाई, आदित्यची आजी, खुर्चीतूनच कडाडल्या, "मुलीकडचं रुखवत मागं ठेवून जायचं नसतं. घरी न्यायचं, आल्यागेल्याला दाखवायचं. आपल्यात तीच रीत आहे." म्हणजे तो वाडा, ते फाटक आणि ती बाई विहीणबाईंच्या दिवाणखान्यात जाऊन बसली, आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारू लागला, "ही बाहेर कोण?"

पावसाळी हवेत मुंग्यांनी घर शोधलं. एक दिवस अक्कांचा फोन वाजला, मी तिथेच होते. पलीकडून विहीणबाई किंचाळत होत्या, वाडा खचला, नदी पाझरली, सोफ्यापर्यंत मुंग्यांची रांग लागलीय, घातलंत तरी काय त्यात?

"साखरच घातली होती की," अक्का म्हणाल्या. "तुमच्याकडं गोड टिकत नाही, त्याला मी काय करू?" मग विचारलं, "आन फाटकाबाहेरची? ती हाय न्हवं?"

ती होती. वाडा गेला, बाग गेली, हरणं गेली, बदामाची विहीण गेली. रिकाम्या पाटावर ट्रंकेशेजारी एकटी म्हातारी शिल्लक होती. "सुपारीला मुंगी लागत नाही," फोन ठेवून अक्का मला म्हणाल्या. त्यांना इतकं मनापासून हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. मृणाल रोज येऊन बसायची. एकदा म्हणाली, "बरी हो अक्का, आपण दोघीच स्कॉटलंडला जाऊ. तुला सगळं दाखवते." अक्का म्हणाल्या, "ते घर मी माझ्या हातानं बांधलंय. खिडकी न् खिडकी माहीत हाय मला. बघायला कशाला जाऊ?" ती गेल्यावर मी विचारलं, "पोरीला तरी माफ केलंत ना?" "तिच्यावर राग धरायला ती परकी हाय का? पण इसरलो न्हाई, शुभा. खोटं कशाला बोलू." आठवड्याभरात त्या गेल्या. न विसरताच गेल्या.

तेराव्याला सुनेत्राबाई पांढरीशुभ्र साडी नेसून आल्या. अक्कांच्या फोटोला हार घातला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "किती गोड होत्या हो! कुणाबद्दल मनात काही ठेवायच्या नाहीत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात मृणालनं मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"मावशी, सासूबाईंनी ती सुपारी कचऱ्यात टाकली होती. मी काढून आणली," ती कुजबुजली. "चिंधी सोडली, डोळे-केस धुतले आणि देवघरात नेऊन ठेवली. त्यांनी विचारलं, ही कुठली? मी म्हटलं, लग्नातली आहे. खोटं आहे का?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय! रोज सकाळी त्या तिला अंघोळ घालतात. कुंकू लावतात. फूल वाहतात आणि हात जोडतात." मृणालचे डोळे भरले होते, पण हनुवटी अशी वर होती, की मला क्षणभर अक्काच दिसल्या.

बाहेर आले तर सुनेत्राबाई चपला घालत होत्या. कोऱ्या कपाळाची म्हणून जिला मांडवाबाहेर ठेवलं, तिला आज सकाळी कुंकू लावून आलेला त्यांचा तो हात माझ्या खांद्यावर पडला. "येते हं शुभाताई. झालं गेलं गंगेला मिळालं. खरं ना?"

मी मान किंचित हलवली आणि म्हणाले, "सरी."