रंभाकाकीचा हात

वटार गावात कुणाची बेंबी सरकली की माणूस आधी रंभाकाकीच्या ओटीवर यायचा, मग डॉक्टरकडे. जड ओझं उचललं किंवा पाय घसरला आणि पोटात मुरडा सुरू झाला, की आमच्याकडे बेंबी सरकली म्हणतात. काकी सकाळी अनशापोटी माणसाला उताणं झोपवायची, बेंबीवर अंगठा ठेवून ठोका शोधायची, आणि खोबरेल लावून तो हळूहळू मधोमध आणायची. हा हात तिला सासूने ग्रहणात दिला होता. पैसा घ्यायचा नाही, दारी आलेल्याला परत पाठवायचं नाही, आणि आपण थकलो की सुनेला द्यायचा. मी शेजारीण. माझ्या ऋतिकाला दोनदा तिनेच बरं केलं.

गेल्या श्रावणात तिचे यजमान शत्रुघ्नकाका नारळ पाडताना माडावरून पडले. डाव्या अंगाच्या तीन बरगड्या मोडल्या. दवाखान्यात सांगितलं होतं, पंधरा दिवसांनी पुन्हा छातीचा फोटो काढायला या. पण तोवर काका वाडीत फिरायला लागले होते, केळीचे घड उतरायला आले होते. फोटो राहून गेला.

दिवाळी झाल्यावर त्यांचं सुरू झालं. जेवलं की मळमळ, डावा खांदा दुखायचा. "छातीत पानी बुडबुडतंय असं वाटतं गं," मला म्हणाले. काकीने अंगठा ठेवला, तर बेंबीवर ठोकाच लागेना.

"वर सरकलीय," ती म्हणाली.

काका माझ्याकडे बघून हसले. "बघ मीरा, अख्खा गाव हिच्यापुढे आडवा होतो. आज माझा नंबर लागला."

"गप पडा हो. हसलात की पोट कडक होतं."

तीन सकाळी तिने चोळलं. तिन्ही वेळा काका म्हणाले, जरा बरं वाटतंय. चौथ्या दिवशी ओठ निळे पडले, श्वास पुरेना, तेव्हा त्यांच्या मुलाने, कल्पेशने गाडी काढली. मीही संगतीने गेले.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. पोट आणि छाती यांच्यामध्ये एक पडदा असतो. माडावरून पडले तेव्हाच तो फाटला होता. हळूहळू त्या भोकातून जठर आणि आतडं वर छातीत शिरलं आणि तिथे अडकून बसलं. चार तास लागले. सगळं खाली घेतलं, पडदा शिवला. पण आतड्याचा हातभर तुकडा काळा पडला होता, तो कापून टाकावा लागला. विष रक्तात गेलं होतं.

काकी बाकावरून उठली. दोन्ही हात पदराखाली.

"बाई, माझ्या चोळण्याने फाटलं का?"

"नाही मावशी. ते पडले तेव्हाच फाटलेलं."

"आणि चोळत बसले नसते तर?"

खोटं बोलायचं बाईंच्या जिवावर आलं असावं. "दुखायला लागल्या दिवशी आणलं असतं, तर कदाचित आतडं वाचलं असतं."

"तीन दिवस," काकी म्हणाली, आणि खाली बसली. मी मनातल्या मनात रामनाम घेत होते. तिच्या तोंडून देवाचं नावही निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी काकांच्या घशातली श्वासाची नळी काढली. आवाज अगदी बारीक झाला होता. "दुखतंय गं. पोटावर हात ठेव जरा."

"टाके आहेत," काकी म्हणाली.

"नुसता ठेव. दाबू नको."

तिने ठेवला नाही. खाटेची दांडी धरून उभी राहिली. पाचव्या दिवशी पहाटे काका गेले.

यंदा फाल्गुनात ग्रहण आलं. संध्याकाळी रचना, कल्पेशची बायको, आंघोळ करून ओल्या केसांनी सासूपुढे बसली. दोन्ही तळवे पुढे केले. "आई, द्या. लोक अजून दारी येतात, मला बघवत नाही."

मी दारातच होते. काकीने तेलाची वाटी उचलून मागे ठेवली.

"ज्याने मागितलं त्याच्या पोटावर ठेवला नाही मी. आता तुला कुठल्या तोंडाने देऊ?"

रचनाचे तळवे तसेच पुढे होते. काकीने एकेक करून ते मिटले, आणि ग्रहण सुटेपर्यंत धरून बसली.