नोएलीननं दाबलेली तक्रार

तुमची तक्रार कुणी ऐकली नाही की तुमचं डोकं फिरतं ना? मग तुमच्याच घरात तुमच्याकडे कोण तक्रार करतंय, हे कधी बघितलंत का?

नोएलीन क्रॅडॉकनं बघितलं नव्हतं. मेलबर्नच्या पश्चिमेला, बंदराकडे ट्रक पळतात त्या रस्त्यावर तिचं लाकडी घर. बावीस वर्षं ती शाळेसमोर 'थांबा'ची पाटी धरून मुलांना रस्ता ओलांडून देत होती. गुडघे गेले, पाटी सुटली, ट्रक मात्र डोक्यातून गेले नाहीत. शाळा भरताना आणि सुटताना या रस्त्यावर ट्रक नकोत, एवढीच तिची मागणी. नगरपालिका म्हणाली, पुरावा आणा. तिनं व्हरांड्याच्या खांबाला कॅमेरा ठोकला आणि सहा वर्षं येणारा-जाणारा प्रत्येक ट्रक टिपला.

हे सगळं चित्रण बैठकीतल्या एका काळ्या डब्यात साठायचं. डब्यात दोन डिस्क, एकीवर जे जाईल तेच दुसरीवर. कॉम्प्युटर ती आपली आपणच शिकली होती, आणि असं शिकलेल्या माणसाला असतो तो माज तिलाही होता. आपला पुरावा परक्या कंपनीच्या हवाली करायचा नाही, हे तिचं तत्त्व. वाचनालयात तिनं यावर भाषणसुद्धा ठोकलं. तेव्हा दुरुस्तीचं दुकान चालवणारा, मूळचा माल्टा बेटावरचा म्हातारा, चेन्सू झॅमिट, मागच्या रांगेतून म्हणाला की दोन डिस्क एकाच डब्यात म्हणजे काही खरं नाही, तिसरी प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी ठेव. तिनं भर सभेत त्याला डिस्कांचा फेरीवाला म्हटलं. लोक हसले. तिला फार बरं वाटलं.

ऑक्टोबरात, सुनावणी नऊ दिवसांवर आली असताना, डबा बसला. आतून नुसतं टकटक. चेन्सूकडे जायचं म्हणजे नाक घासायचं, म्हणून ती इंटरनेटला शरण गेली. तिथं कुणीतरी लिहिलं होतं, डिस्क गार करा, चालू होते. नोएलीननं टकटकणारी डिस्क काढली, पिशवीत बांधली आणि फ्रीजरमध्ये वाटाण्यांशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी पुसून परत लावली. टकटक थांबली होती. दोन मिनिटं ती त्याला सुधारणा समजली.

मग मात्र डबा भाजीच्या ढकलगाडीत घालून ती चेन्सूच्या दुकानात गेली. तो वाटाण्याची पास्तीत्सी, म्हणजे माल्टाकडची खारी करंजी, खात बसला होता. बोटं पुसून त्यानं डिस्क उजेडात धरली.

"फ्रीजरमध्ये ठेवली होतीस?"

"वाटाण्यांशेजारी."

"वाटाणे तरी धड आहेत ना?"

फेरीवाला म्हटल्याचं त्यानं काढलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. गारठलेली डिस्क त्यानं बाजूला सारली. आत ओल गेली होती, तिचं आता काही होणार नव्हतं. पहिली कधी गेली, असं विचारल्यावर तिनं ठोकून दिलं की दोघी एकदमच गेल्या.

चेन्सूनं वाद घातला नाही. डबा आपल्या नोंदी स्वतःजवळ वेगळ्या ठेवतो. त्यानं त्या पडद्यावर आणल्या आणि पडदा तिच्याकडे वळवला. सतरा फेब्रुवारी, पहिली डिस्क निकामी. भोंगा वाजवला. वापरकर्ता नोएलीन यांनी भोंगा बंद केला. अठरा फेब्रुवारी, भोंगा वाजवला. नोएलीन यांनी बंद केला. एकोणीस तारखेला तिनं भोंगा कायमचाच बंद केला होता. नंतरचे आठ महिने डबा नुसता नारिंगी दिवा लावून बसला. चेन्सूनं डब्याच्या कपाळावरची काळी टेप नखानं सोलून काढली.

"टीव्ही बघताना दिवा डोळ्यांवर यायचा," ती म्हणाली.

"आणि भोंगा?"

"फोनवर होते मी. नगरपालिकेच्या माणसाला झापत होते, तुम्ही लोकांचं ऐकत नाही म्हणून. हे पिंपिं करायला लागलं, मला माझंच बोलणं ऐकू येईना."

आता चेन्सू हसला. मग तीही हसली, पण तिचं हसणं लवकर संपलं.

फेब्रुवारीत गेलेली डिस्क पुरती मेली नव्हती. खराब जागा सोडून सोडून त्यानं तीन दिवस तिची नक्कल उतरवली. सतरा फेब्रुवारीपर्यंतचे सगळे ट्रक परत आले. पुढचे आठ महिने गेले ते गेलेच.

सुनावणीला जाताना ट्राममध्ये नोएलीननं एक थाप घोटून पाठ केली होती, की कॅमेरा चोरीला गेला. अध्यक्षबाईंनी चित्रण बघितलं आणि विचारलं, "फेब्रुवारीनंतर ट्रक थांबले का, क्रॅडॉकबाई?" समोरच फोनवरचा तो माणूस बसला होता, सहा वर्षं तिच्या शिव्या खाल्लेला. त्याच्याकडे बघून तिच्या तोंडून थाप निघेना.

"ट्रक थांबले नाहीत," ती म्हणाली. "यंत्र मला सांगत होतं, मी बिघडलोय. मी त्याचं तोंड दाबलं आणि डोळ्यावर टेप लावली. तुमच्यावर मी जो आरोप करत आले, तो आधी माझ्या नावावर लिहून घ्या."

तो माणूस मान खाली घालून कागद चाळायला लागला. हसू दाबताना त्याचे खांदे हलत होते.

अध्यक्षबाईंनी जुना पुरावा मानला, पण शाळेच्या दिवसांतलं तीन महिन्यांचं ताजं चित्रणही मागितलं. निर्णय मार्चवर गेला. तोवर ट्रक चालूच. त्यामुळे नोएलीन आता गुडघ्यांना पट्टे बांधून रोज सकाळ-दुपार पुन्हा शाळेसमोर उभी असते. पगार नाही, पाटी उसनी. तिसरी प्रत चेन्सूच्या कपाटात आहे. तिच्यावर त्यानं ठळक अक्षरांत लिहिलंय: 'फेरीवाल्याकडून'.

आता तुम्ही एवढं करा. हे वाचून झालं की उठा आणि घरातल्या असल्या कुठल्याही डब्यासमोर जाऊन उभे राहा. दिव्यावर टेप लावली असेल तर काढा, आणि तो ओरडत असेल तर बटण दाबायच्या आधी काय म्हणतोय ते ऐकून घ्या.